सावली कशाची, कधीची? डोंगरावरच्या बागेसाठी झाडं, झुडपं आणि वेली निवडताना

इटलीच्या आल्प्समध्ये विगानेल्ला नावाचं एक लहानसं गाव आहे. दरवर्षी ११ नोव्हेंबरला तिथला सूर्य दक्षिणेकडच्या डोंगराआड जातो, तो २ फेब्रुवारीला परत दिसतो. मधले ८३ दिवस गाव सावलीत. २००६ मध्ये गावाने वरच्या उतारावर एक मोठा आरसा बसवला आणि चौकात ऊन उतरवलं. नॉर्वेतल्या ऱ्युकान गावात तर सप्टेंबरअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत ऊन पोचत नाही. तिथेही २०१३ मध्ये असेच आरसे लागले.

माणसाला इतकी सावली सोसत नाही. झाडांचा हिशेब वेगळा असतो. पानं गाळून झोपलेल्या मेपलला ऐन हिवाळ्यात ऊन नसलं तरी काही बिघडत नाही. बाराही महिने पानं राखणाऱ्या रोडोडेंड्रॉनला तर त्या दिवसांत ऊन नकोच असतं. डोंगरातली सावली ही पुष्कळदा झाडाचं पांघरूण असते. ती कशाची आहे आणि वर्षातून कधी पडते, एवढं आधी नीट पाहिलं की झाड निवडणं सोपं होतं. रोपवाटिकेतून आधी रोप आणायचं आणि मग त्याच्यासाठी जागा शोधायची, या उलट्या क्रमामुळेच बहुतेक रोपं दगावतात असं माझं ठाम मत आहे.

उंचीवर सावली बदलते

उंची वाढली की हवा थंड होते, दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश सेल्सिअसने. हवा विरळ होत जाते तसं ऊनही प्रखर लागतं. अतिनील किरणं दर हजार मीटरला साधारण १० ते १२ टक्क्यांनी वाढतात. यातली दुसरी बाजू फारशी कुणी सांगत नाही. विरळ, स्वच्छ हवेत प्रकाश विखुरतोही कमी. सखल प्रदेशात सावलीतल्या पानाला आकाशाकडून बराच उजेड मिळत असतो, डोंगरावर तो घटतो. म्हणून डोंगरातलं ऊन जास्त कडक आणि सावली जास्त गडद. एका पावलावर पान करपतं आणि दुसऱ्या पावलावर दहिवर, म्हणजे गोठलेलं दव, दुपारपर्यंत वितळत नाही. ‘अर्धसावलीत चालतं’ असं लिहिलेलं रोप इथे घेताना हा फरक लक्षात ठेवावा लागतो.

थंड हवा जड असते. रात्री ती पाण्यासारखी उतारावरून खाली वाहते आणि दरीच्या तळाशी, भिंतीच्या वरच्या अंगाला, दाट कुंपणामागे साचते. त्यामुळे उताराच्या मधल्या पट्ट्यात दहिवर कमी पडतं आणि तळाच्या खोलगट जागेत सगळ्यात जास्त. एकाच बागेच्या वरच्या आणि खालच्या टोकाला दोन वेगळी हवामानं असू शकतात.

सदाहरित झाडांचा खरा शत्रू पुष्कळदा थंडीपेक्षा तहान असते. जमीन गोठली की मुळांना पाणी उचलता येत नाही. वर मात्र हिवाळ्याचं लख्ख ऊन आणि वारा पानांतलं पाणी ओढून घेत असतात. वसंतात पानांच्या कडा तपकिरी दिसल्या की लोक म्हणतात, थंडीने मारलं. बहुतेक वेळा ते झाड वाळलेलं असतं. सावली आणि वाऱ्याचा आडोसा हा त्यावरचा उत्तम उपाय. पातळ सालीच्या कोवळ्या झाडांना दुसराच त्रास होतो. हिवाळी दुपारचं ऊन खोडाच्या एका अंगावर पडतं, तिथल्या पेशी जाग्या होतात, सूर्य मावळताच पारा झपकन उतरतो आणि साल तडकते. सावलीत हेही टळतं.

बर्फाचंही तसंच. फूटभर भुसभुशीत बर्फ अंगावर असला की त्याखालची जमीन शून्याच्या आसपास राहते, वर हवा कितीही गोठलेली असो. आल्प्समधल्या ‘अल्पाइन रोझ’ या बुटक्या रोडोडेंड्रॉनचं उदाहरण घ्या. बर्फ टिकून राहतो अशा उतारांवर ते आनंदाने वाढतं. जिथे वारा बर्फ उडवून नेतो, तिथे त्याच्या उघड्या पडलेल्या फांद्या वाळतात. आणि बर्फ उशिरा वितळतो तिथे झाड उशिरा जागं होतं, हा तर मोठाच फायदा. डोंगरात वसंत ऋतू फसवा असतो. आठवडाभर ऊब, कळ्या फुटतात, आणि मग एका रात्रीत कडक दहिवर. सूर्याकडे तोंड असलेल्या उतारावर लवकर फुटलेलं झाड यात होरपळतं. सावलीच्या उतारावरचं अजून झोपेतच असतं. उत्तर गोलार्धात ही सावलीची बाजू उत्तरेची, दक्षिण गोलार्धात दक्षिणेची.

आपली सावली ओळखायची कशी

निदान तीन वेळा बागेत उभं राहून पाहायला हवं: ऐन हिवाळ्यात, वसंतात दिवस-रात्र समान होतात तेव्हा, आणि ऐन उन्हाळ्यात. डोंगरकड्याची सावली हिवाळ्यात लांबच लांब पसरते आणि उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर आला की नाहीशी होते. अशा जागी उन्हाळाभर भरपूर ऊन असतं, त्यामुळे ती खरं तर सावलीची बाग नव्हेच. उशिरा सुरू होणारी उन्हाची बाग आहे. पानगळीच्या झाडाखाली याच्या उलट: वसंतात ऊन, उन्हाळ्यात सावली. सूचिपर्णी झाडाखाली बारा महिने सावली. आणि सर्वांत शेवटी बर्फ कुठे वितळतो तिथे एक खुंटी रोवून ठेवा. महिनोन् महिने तापमापक लावूनही जे कळणार नाही ते ती खुंटी सांगते.

भिंतीची सावली आणि झाडाची सावली यांतही फरक आहे. भिंतीमुळे थेट ऊन अडतं, पण वरचं आकाश मोकळं असतं; प्रकाश कमी, तरी त्याचा पोत तोच. झाडाखाली आलेला प्रकाश पानांतून गाळून आलेला असतो. त्यातला लाल आणि निळा भाग वरच्या पानांनी खाल्लेला असतो, आणि डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा दूर-लाल प्रकाश तेवढा खाली उतरतो. लाल आणि दूर-लाल प्रकाशाचं प्रमाण ओळखणारं एक रंगद्रव्य वनस्पतीत असतं. ‘आपल्या डोक्यावर कुणीतरी आहे’ हे तिला त्यातून कळतं आणि ऊनप्रिय झाड मग उंच होण्याच्या नादात लांबोडकं, किडकिडीत होत जातं. सावलीत रुळलेली झाडं हा नाद सोडून देतात. ती पानं पातळ आणि रुंद करतात, एकावर एक न येतील अशी पसरतात, आणि पडतील तेवढ्या कवडशांवर भागवतात.

झाडाखाली दुसरी अडचण पाण्याची. दाट सूचिपर्णी झाडाचा माथा पडणाऱ्या पावसाचा पाव हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, वरच्या वर अडवतो आणि तो तिथूनच वाफ होऊन जातो. उरलेलं पाणी त्याच झाडाची मुळं पितात. म्हणून सावली कोरडी की ओली, हा प्रश्न सावली किती गडद या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे. मूठभर माती उकरून हातात घ्या. भर पावसाळी दिवसांतही ती भुकटीसारखी निसटत असेल, तर तुमची अडचण प्रकाशाची कमी आणि पाण्याची जास्त आहे.

नकाशातला आकडा आणि त्यापलीकडचं

रोपांवर बहुधा एक ‘झोन’ लिहिलेला असतो. ही पद्धत अमेरिकेच्या कृषी खात्याच्या नकाशामुळे रूढ झाली. त्याची अलीकडची आवृत्ती २०२३ ची. त्यात १३ पट्टे आहेत आणि प्रत्येक पट्टा दहा अंश फॅरनहाइटचा, म्हणजे सुमारे साडेपाच अंश सेल्सिअसचा. आकडा जितका लहान तितकी थंडी जास्त. पण तो फक्त एकच गोष्ट सांगतो: हिवाळ्यातल्या सर्वांत थंड रात्रीचं अनेक वर्षांचं सरासरी तापमान. उन्हाळा किती दिवसांचा, बर्फ टिकतो का, वारा किती, वसंतातलं दहिवर कधीपर्यंत, यांबद्दल तो गप्प असतो. डोंगरात नेमकं हेच निर्णायक ठरतं. आकडा चाळणीसारखा वापरावा. नापास झालेलं झाड सोडून द्यावं, पण पास झालेलं लगेच घेऊ नये.

रोप कुठल्या बियांपासून वाढवलंय, हा प्रश्न मला त्याहून मोलाचा वाटतो. हिमालयातला बुरांश, म्हणजे रोडोडेंड्रॉन आर्बोरियम, खालच्या उंचीवर गडद लाल फुलतो आणि अधिक उंचीवर गुलाबी ते पांढरा. लाल फुलांचे खालचे प्रकार थंडीला हळवे, वरचे गुलाबी-पांढरे जास्त काटक. नाव एकच, पण पिंड वेगळा. शिवाय झाडं दिवसाच्या लांबीवरून हिवाळ्याची चाहूल घेतात. सौम्य, लांब उन्हाळ्याच्या प्रदेशातून आणलेलं रोप डोंगरात शरदाच्या शेवटापर्यंत कोवळे कोंब काढत बसतं, आणि पहिल्याच थंडीत ते कोंब काळे पडतात. म्हणून साधारण आपल्याच उंचीवर, आपल्याच अक्षांशांवर वाढलेलं रोप मिळत असेल, तर ते थोडं खुरटं दिसलं तरी तेच घ्यावं.

झाडं

सूचिपर्णी म्हणजे सगळी सावलीत चालणारी, हा समज चुकीचा. चीड आणि लार्च यांना भरपूर ऊन लागतं, भूर्जालाही. सावलीत ती खालच्या फांद्या टाकून देतात आणि वर झुरत राहतात. खरी सावलीत टिकणारी म्हणजे हेमलॉक, फर आणि यू. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातल्या हेमलॉकची रोपं पूर्ण उन्हाच्या पाच टक्के प्रकाशातही जगतात, वर्षानुवर्षं वाट पाहत. मात्र त्या भागात या झाडाला लोकरी मावा मारतो आहे, तिथे ते नव्याने लावू नये.

यू, हिमालयात ज्याला थुनेर म्हणतात, त्याचं विशेष असं की छाटल्यावर जुन्या लाकडातूनही त्याला फुटवे येतात, जे बहुतेक सूचिपर्णी झाडांना जमत नाही. त्यामुळे घराजवळच्या गर्द सावलीत हवा तो आकार देता येतो. पण बीभोवतीचा लाल गर सोडला तर त्याचा प्रत्येक भाग विषारी आहे. लहान मुलं किंवा गुरं असतील तिथे ते लावूच नये. हिमालयातला थुनेर जंगलात संकटात आला आहे. रोप रोपवाटिकेत वाढवलेलंच हवं, जंगलातून उपटलेलं नको.

पानगळीच्या झाडांत माझी पहिली पसंती ॲमेलँकियरला. वसंतात पांढरी फुलं, नंतर खाण्याजोगी जांभळी फळं, शरदात केशरी पानं, आणि उंची आवाक्यातली. मोठ्या झाडांच्या कडेला, कवडशांच्या सावलीत ते खुलतं. मेपलमध्ये जपानी मेपल सर्वांना हवा असतो. तो सावलीत छान राहतो, पण त्याची कोवळी पानं लवकर उघडतात आणि उशिराच्या दहिवराने काळवंडतात. दरीच्या तळाशी तो लावणं म्हणजे दरवर्षी हळहळणं. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा व्हाइन मेपल मोठ्या सूचिपर्णी वृक्षांच्या छायेतच वाढलेला आहे, आणि रॉकी पर्वतातला रॉकी माउंटन मेपल त्याहून थंड, कोरड्या जागी.

झाड निवडताना फांद्यांचा कोनही पाहा. खोडाशी अरुंद, इंग्रजी ‘व्ही’सारख्या कोनात जुळलेल्या दोन जाड फांद्या ओल्या बर्फाच्या भाराने नेमक्या तिथेच फाटतात. छपरावरचा बर्फ जिथे घसरून पडतो, तिथे तर झाड लावूच नये. आणि वणव्याचा धोका असलेल्या डोंगरात राळ असलेली सूचिपर्णी झाडं घराला खेटून लावू नयेत, सावली कितीही हवीशी वाटली तरी.

झुडपं: फूल कोणत्या फांदीवर येतं?

सावलीच्या बागेचा जीव झुडपांत असतो, आणि इथे एकच प्रश्न सगळ्यात जास्त निराशा वाचवतो: फुलांच्या कळ्या गेल्या वर्षीच्या फांदीवर तयार होतात की यंदाच्या नव्या फांदीवर? हायड्रेंजियात हे स्पष्ट दिसतं. मोठ्या गोल, निळ्या-गुलाबी गुच्छांचा लोकप्रिय हायड्रेंजिया मॅक्रोफायला आदल्या उन्हाळ्यात कळ्या बांधतो. त्या कळ्यांना अख्खा हिवाळा आणि फसवा वसंत पार करावा लागतो. झाड मरत नाही, दरवर्षी हिरवं होतं, पण फुलत मात्र नाही. मालकाला वाटतं खत कमी पडलं. खरं तर फुलं हिवाळ्यातच मेलेली असतात. याउलट हायड्रेंजिया पॅनिक्युलाटा आणि हायड्रेंजिया आर्बोरेसेन्स हे यंदाच्या फांदीवर फुलतात. हिवाळ्यात फांद्या वरून मेल्या तरी त्याच उन्हाळ्यात पांढरे गुच्छ येतात. पॅनिक्युलाटाला थोडं ऊन लागतं, आर्बोरेसेन्स गर्द सावलीतही बऱ्यापैकी फुलतो.

रोडोडेंड्रॉनही आदल्या वर्षीच कळ्या बांधतो, म्हणून त्याला जागा जपून द्यावी: वाऱ्याचा आडोसा, हिवाळी उन्हापासून आडबाजूला, आणि पूर्वेचं कोवळं ऊन थेट पडणार नाही अशी. गोठलेली कळी सकाळच्या उन्हात झपाट्याने वितळली की जास्त इजा होते. हळूहळू वितळली तर पुष्कळदा वाचते. माती आम्लधर्मी, सामू साधारण ४.५ ते ६. चुनखडीच्या डोंगरावर असाल तर त्याच्या मागे लागू नका, पानं पिवळी पडत जातील. कडाक्याच्या थंडीत याची पानं खाली झुकून नळीसारखी गुंडाळली जातात आणि ऊब आली की पुन्हा उलगडतात. पहिल्यांदा पाहणारा घाबरतो, पण ती त्याची स्वतःला जपण्याची रीत आहे. याची पानं आणि मधही विषारी असू शकतात. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये रोडोडेंड्रॉन पोंटिकमने जंगलंच्या जंगलं व्यापली आहेत, तेव्हा कुठली जात कुठे लावतो याचं भान हवं.

कोरड्या सावलीसाठी पर्याय थोडे आहेत, पण आहेत. महोनिया ॲक्विफोलियम हे काटेरी पानांचं सदाहरित झुडूप, अमेरिकेतल्या ओरेगनचं राज्यफूल. वसंतात पिवळे तुरे, मग निळसर फळं. उघड्यावर हिवाळी उन्हाने त्याची पानं भाजतात, सावलीत ती चकचकीत राहतात. त्याचीच रॉकी पर्वतातली जमिनीलगत पसरणारी बहीण महोनिया रेपेन्स. स्नोबेरी जमिनीखालून फुटवे काढत पसरते आणि उताराची माती धरून ठेवते. तिची पांढरी फळं खाऊ नयेत. अल्पाइन करंट दिसायला साधं, पण थंडी, सावली, कात्री सगळं निमूट सोसणारं; कुंपणाला याहून भरवशाचं झुडूप मला माहीत नाही.

हिवाळा सौम्य असेल तर हिमालयातल्या सार्कोकोक्का हुकेरियाना आणि स्किमिया लॉरिओलाचा विचार जरूर करा. सार्कोकोक्काची फुलं इवलीशी, लक्षातही न येणारी, पण हिवाळा सरता सरता त्यांचा सुगंध वाट अडवतो. दाराजवळच्या सावलीत लावावं ते हेच.

वेली

वेलींचा स्वभावच पाय सावलीत आणि डोकं उन्हात असा, त्यामुळे सावलीच्या बागेत त्या बऱ्याच सोयीच्या. वेल चढते कशी, हे आधी विचारा. व्हर्जिनिया क्रीपर तणाव्यांच्या टोकांवरल्या चिकट चकत्यांनी भिंत धरते. क्लेमॅटिस देठांनी वेढे घेते, तिला बारीक तारा किंवा काटक्या लागतात. हनीसकल अख्ख्या खोडाने पीळ घालत जाते. ओल्या बर्फाचं ओझं वेलीच्या जाळीवर भरपूर साठतं, म्हणून आधार दिसायला नाजूक नको, भक्कम हवा.

क्लेमॅटिस, म्हणजे आपल्या मोरवेलीचं कुळ, इथेही कळ्यांचाच प्रश्न विचारायला लावतं. आल्प्समधली क्लेमॅटिस अल्पिना आणि हिमालयातली क्लेमॅटिस मोंटाना दोघी जुन्या फांदीवर, वसंतात फुलतात. अल्पिना कमालीची काटक आहे. थंड, सूर्याकडे पाठ असलेल्या भिंतीवरही तिची झुकलेली निळी फुलं येतात. मोंटाना जोमदार, पण थंडीला तिच्याहून हळवी. दोघींची छाटणी करायचीच तर फुलं संपल्याबरोबर. हिवाळ्यात कात्री लावली की त्या वर्षीचा बहर गेला. जिथे वेल दरवर्षी जमिनीपर्यंत मरते, तिथे नव्या फांदीवर फुलणाऱ्या क्लेमॅटिस घ्याव्यात, मात्र त्यांना डोक्यावर थोडं ऊन हवं.

गर्द सावलीत रुंद पानांचा हिरवा पडदा हवा असेल तर ॲपलाचियन पर्वतातली ॲरिस्टोलोकिया मॅक्रोफायला. किवी फळाच्या कुळातली ॲक्टिनिडिया कोलोमिक्टा झोपेत भयंकर थंडी सोसते, पण तिचे कोवळे कोंब वसंतातल्या दहिवराला बळी पडतात, म्हणून ती उशिरा जागी होईल अशाच जागी लावावी. फळं हवी असतील तर नर आणि मादी दोन्ही वेली लागतात. आयव्ही सगळीकडे सुचवली जाते. मी सुचवणार नाही. ओरेगनमध्ये तिने जंगलं इतकी गिळली की तिच्या विक्रीवर बंदी आली. पूर्व आशियातल्या सेलॅस्ट्रस ऑर्बिक्युलेटस या वेलीने उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात हेच केलं. जंगलाला लागून असलेल्या डोंगरबागेत पक्षी बिया घेऊन जातात, कुंपण त्यांना अडवत नाही.

लावताना

डोंगराची माती उथळ आणि दगडगोट्यांची. खड्डा खोल करण्यापेक्षा रुंद करा. मोठ्या झाडाखाली लावताना त्याची जाड मुळं तोडू नका आणि त्यांच्यावर मातीचा थर चढवू नका. मुळांच्या मधल्या कप्प्यांत लहान रोपं बसवा. लहान रोप मुळं लवकर पसरवतं आणि चार-पाच वर्षांत मोठ्या आणलेल्या झाडाला गाठतं. सदाहरित रोपं वसंतात लावावीत, म्हणजे त्यांना हिवाळ्याआधी पूर्ण हंगाम मिळतो. पानगळीची रोपं शरदातही चालतात, जमीन गोठायला दीड-दोन महिने बाकी असतील तर. कुजलेल्या पाल्याचं आच्छादन खोडापासून वीतभर दूर ठेवा. जमीन गोठते, वितळते, पुन्हा गोठते, या उघडझापीत नवी रोपं मातीतून वर उचलली जातात. आच्छादन ते थोपवतं. जमीन गोठण्याआधी सदाहरितांना एकदा पोटभर पाणी द्या.

बर्फाने वाकलेली फांदी काठीने झोडू नका, गोठलेलं लाकूड काचेसारखं तुटतं. ओला बर्फ ताजा असतानाच खालून हलक्या हाताने फांदी उचलून तो झटकावा. बर्फ घट्ट गोठला असेल तर आपोआप वितळू द्यावा.

सावलीतल्या भिंतीसाठी मात्र माझी निवड एकच: चढणारी हायड्रेंजिया पेटिओलारिस. इवल्या मुळांनी ती दगड धरते, सूर्य न दिसणाऱ्या भिंतीवर पांढऱ्या जाळीदार फुलांच्या थाळ्या मांडते आणि हिवाळ्यात तिची दालचिनीच्या रंगाची सोलवटणारी साल बर्फावर उठून दिसते. पहिली दोन-तीन वर्षं ती हलतसुद्धा नाही. पुष्कळ जण याच टप्प्यावर तिला उपटून टाकतात. तेवढी वर्षं फक्त पाणी आणि पाला देत राहा. ती त्या काळात खाली मुळं पसरवत असते.